मेजरची तहान

चावी काढल्यावरही मेजर बंद होत नाही, ही गोष्ट नंदाखालात आता कुणाला नवी राहिली नव्हती.

आलोशियस संध्याकाळी ट्रक अंगणात आणून भेंडीच्या झाडाखाली उभा करी. चावी फिरवी, काढून शर्टाच्या खिशात टाकी, उतरून पाय धुवायला न्हाणीकडे चालू लागे. आणि मागं इंजिन आपलं धडधडतच राही. एक ‘नमो मरिया’ म्हणून व्हावी एवढा वेळ. मग बॉनेट अंग झाडल्यासारखं हले, खालून वाफेचा उसासा निघे आणि मेजर गप्प होई. तेवढा वेळ बेला चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राही. कुणी विचारलंच तर म्हणे, आत धूर फार झालाय. चुलीत धूर असो की नसो.

आलोशियस बेलाचा दीर. ट्रक तिच्या नवऱ्याच्या, युजीनच्या नावावर. आणि युजीन गेल्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, याच ट्रकात गेला.

दुपारची वेळ होती. बाजारात केळी टाकून तो परत आला, ट्रक भेंडीखाली लावला आणि उतरलाच नाही. त्याला सवयच होती, गाडी बंद करण्याआधी मान वाकडी करून इंजिन ऐकत बसायची; डॉक्टर छातीला नळी लावतो तसा. बेलानं दोनदा हाक मारली. मग रागावून स्वतःच गेली, हातात भाताचा डाव तसाच. तो बसला होता. मान वाकडी, डोळे उघडे, चावी मुठीत. आणि इंजिन चालू. चावी मुठीत असताना इंजिन चालू कसं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेजारच्या प्लासिडनं बॉनेट उघडून कुठलीशी वायर उपटली तेव्हा ते थांबलं.

मातीवरून परत येताना म्हाताऱ्या आपसात बोलत होत्या, पण बेलाला ऐकू जाईल अशा बेतानं. “तोंडात पाण्याचा थेंब पडला नाही गो त्याच्या. तहानेला गेला बिचारा.”

त्यानंतर मेजरला पाणी जास्त लागायला लागलं.

आधी सकाळी निघताना रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घातलं की भागे. मग कळशी लागू लागली. मग दोन. आलोशियस कळशी उपडी करी आणि ते पाणी घशातून उतरल्यासारखा आवाज करीत आत जाई. तो शिव्या देई. बेला दुसरी कळशी भरून आणी. तहानलेल्याला पाणी देताना हिशेब विचारायचा नसतो, एवढंच तिच्या मनात येई. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

ट्रक तिच्या सासऱ्यांनी, सॅन्टननी आणलेला. मोठी लढाई संपल्यावर मिलिटरीच्या लिलावात घेतलेला, अमेरिकन बनावटीचा, स्टेअरिंग डावीकडे. समोरून येणारा नवखा माणूस सवयीनं भलत्याच बाजूला बघे आणि त्याला ड्रायव्हरच्या जागी कुणीच दिसत नसे; नुसता हिरवा पत्रा गुरगुरत अंगावर येतोय. सोपाऱ्याला एकदा एक सायकलवाला थेट गटारात गेला होता. लढाईत हा ट्रक फौजेला पाणी पुरवायचा. त्याच्या पाठीवर लोखंडी टाकी होती. सॅन्टननी ती बैल लावून उतरवली, लाकडी हौदा चढवला आणि केळी वाहायला सुरुवात केली. नाव मेजर ठेवलं. हवालदार म्हणूनही भागलं असतं, पण सॅन्टनना कमीपणा खपत नसे. टाकी तेव्हापासून माडाखाली लोळत होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालीत.

आता त्या टाकीवर आलोशियसचा डोळा होता.

कारण स्टेशनच्या बाजूला बिल्डिंगी उठत होत्या. माणसं राहायला येत होती आणि नळाला पाणी नव्हतं. वाडीतल्या दोघातिघांनी बागायतीपेक्षा सोपा धंदा धरला होता: विहिरीवर पंप, पंपाला पाइप, पाइपाखाली टँकर. युजीन गेल्यावर आलोशियसनंही एका टँकरवाल्याला हो म्हटलं. घरामागं त्यांचं बावखल होतं, विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान. त्याच्या कोपऱ्यात दगडी बांधणीची विहीर, प्यायच्या पाण्याची. दोन्हींचं पाणी आतून एकच. काठावर सॅन्टनच्या वडिलांनी बसवलेला खुरीस, म्हणजे क्रूस. पूर्वी तिथं राहाट फिरे, बैल गोल गोल चालत आणि बागेला पाणी जाई. आता पंप पहाटेपासून घरघरे आणि दुपारी टँकर येऊन सोंड लावल्यासारखा पाणी ओढून जाई.

“दुसऱ्याच्या टँकरला कशाला द्यायचं?” आलोशियस जेवताना म्हणे. “आपला ट्रक आहे, आपली टाकी आहे. फक्त या म्हाताऱ्याच्या छातीत दम नाही. डिझेल इंजिन बसवलं की झालं.”

“आणि केळी?”

“केळींकडे बघितलंस का वहिनी? पानं कडेनं जळतायत. रोग पडलाय. केळींचं काही खरं नाही आता.”

बेलानं पानं बघितली होती. विडीनं चटके द्यावेत तशी कडा करपलेली. पण तिचं ‘हो’ तोंडातून निघत नव्हतं, आणि ट्रक युजीनच्या नावावर असल्यानं तिच्या ‘हो’शिवाय आलोशियसला हात लावता येत नव्हता. डिझेल बसवायचं म्हणजे ते इंजिन काढून भंगारात द्यायचं. संध्याकाळी चावी काढल्यावर जे धडधडत राहतं, ते.

घरात दुसराही एक त्रास चालू होता, आणि तो मिठाचा.

सासूबाई, लूर्डस, पावसाळ्यानंतर मुलीकडे बोरिवलीला राहायला गेल्या होत्या. त्या नाताळ करून परत आल्या आणि पहिल्याच जेवणाला त्यांनी कालवणाची वाटी बाजूला सारली.

“मीठ किती ग हे?”

बेलानं दुसऱ्या दिवशी निम्मं घातलं. वाटी पुन्हा बाजूला. पेज केली, पेजही खारट. “हात जड झालाय तुझा,” सासूबाई म्हणाल्या, “लक्ष कुठे असतं?” बेलाला स्वतःला चव बरोबर लागे, आलोशियसलाही. म्हातारपणी जीभ जाते, असं दोघांनी गुपचूप ठरवलं. पण बेला मानी बाई. तिनं मीठ चिमटीवर आणलं. आणि शेवटी, उपवासकाळ लागला त्या आठवड्यात, तिनं मीठ घालणंच बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. मिठाच्या बरणीवर झाकण घातलं आणि वर पाटा ठेवला.

आठवडाभरानं एके दिवशी सासूबाईंनी एक घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. “मुद्दाम करतेस का?”

बेला त्या दुपारी चुलीपुढं बसून राहिली. पाटा जागेवर होता. बरणी जागेवर होती. वर बोट फिरवलं तर धूळ. मग पातेल्यात काय येतंय आणि कुठून येतंय? देवळातून आणलेलं तीर्थ तिनं चार थेंब कालवणात घातलं आणि नंतर तिलाच लाज वाटली.

युजीनच्या वर्षाच्या मिस्सेला, देवळातल्या प्रार्थनेनंतर, पंगत बसली, तेव्हा सगळं उघड्यावर आलं. लोकांनी भात चिवडला. फर्डिनंडमामा, ज्यांनी आयुष्यात कधी ताट टाकलं नव्हतं, त्यांनी ताट टाकलं. बायका हात धुताना कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, रांधणारी रडत रांधत असेल, तिचं तिला कळत नसेल. कुणीतरी त्याच्या पुढं गेलं: तो तहानेला आहे ना, मग तहान लागेल असंच जेवण घालतोय सगळ्यांना. हे बोललेलं फ्लॉसीनं, नणदेनं, जसंच्या तसं आणून बेलाच्या पदरात टाकलं. मायेनंच टाकलं असेल. फ्लॉसी सगळं मायेनंच करी.

त्यानंतर आठवड्याभरात मेजर गोखिवऱ्याच्या पुढच्या चढावर बसला. हौद्यात केळी होती, वर ऊन होतं. आलोशियस सांगत होता की आधी उष्णतेच्या सुईनं शेवट गाठला, मग वाफ आली, मग आत कुणीतरी दारावर थापा मारतंय तसा आवाज आला, आणि मग आवाजच नाही. केळी दुसऱ्याच्या टेम्पोत चढवताना निम्मी ठेचली. मेजरला दोरानं बांधून दुसऱ्या ट्रकनं घरी ओढत आणलं. वाडीतून जाताना लोक दारात येऊन उभे राहिले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

श्रीपत मेस्त्री गोखिवऱ्याचा. गाड्यांमध्ये हात काळे करून केस पांढरे झालेला, बोलका, आणि आपलं बोलणं आपल्यालाच आवडणारा. त्यानं भेंडीखाली तीन वासे उभे करून तिपाई बांधली, तिला साखळी लटकवली, बॉनेट काढून बाजूला ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून निकाल सांगितला.

“दोन वाटा हायत. बांधायचा नायतर बदलायचा. बांधायचा तर सगला खोलायला लागंल, पिस्टन-रिंगा शोधत मना कुर्ल्याच्या भंगारात फिरायला लागंल. बदलायचा तर डिझेल मी बघून ठेवलाय. अपघाताच्या लॉरीचा. बाकी लॉरी गेली, इंजिनाला खरचटा नाय.”

“ड्रायव्हर?” बेलानं विचारलं.

“ड्रायव्हरचा मी नाय इचारला, बाय.”

“बदलायचं,” आलोशियस म्हणाला.

“आधी खोला,” बेला म्हणाली. “काय झालंय ते बघू. मग.”

सासूबाई ओटीवर शेंगा सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या दोघांत माझा युजीन लटकलाय.”

श्रीपतनं एकदा ओटीकडे, एकदा साखळीकडे बघितलं आणि पान्हा उचलला.

काम सुरू झालं. सकाळी तो सायकलवर येई, दुपारी त्याच्यासाठी चहा जाई. चहा तो एका दमात, डोळे मिटून पिई आणि कप पालथा घाली. बेलाला वाटे, माणूस कामाचा आहे, चहात वेळ घालवत नाही. हळूहळू भेंडीखाली मेजरचं पोट बाहेर आलं. पाइप, पंखा, नळ्या, काळ्या तेलानं भरलेली परात. बेला केळीचं पान पसरून त्यावर नटबोल्ट मांडून ठेवी. मेलेल्या माणसाच्या अंगावरचे दागिने उतरवून ठेवतात तसं तिला वाटे. मग आपल्याला काय वाटतं याचा तिला राग येई.

एकदा तिनं धीर करून विचारलं, “चावी काढली तरी चालू राहायचं, ते काय हो?”

श्रीपत खूश झाला. “त्याची भूतं करून सांगतात लोक. भूतबीत काय नाय. इंजिन जास्ती तापला का आत काजली धरते, ती निखाऱ्यावानी लाल होते. चावी काढली तरी पेट्रोल त्या निखाऱ्यावर पेटतो. झाला. निखारा इझला का बंद.”

“आणि पाणी? दोन कळशा लागायच्या.”

“म्हातारा झाला, गलतो कुठंतरी.”

“कुठं गळतो? खाली कधी ओल नसायची.”

श्रीपतनं खालच्या मातीकडे बघितलं. कोरडी, भेगाळलेली, वर तेलाचे दोन जुने डाग. “वाफ होऊन जात असंल,” तो म्हणाला आणि पान्हा उचलून पुन्हा वाकला. 

निखारा. बेलानं तो शब्द दिवसभर मनात घोळवला. खरं तर बरं वाटायला हवं होतं. एवढ्या संध्याकाळी आपण दारात उभं राहून एका निखाऱ्याशी मुकाट्यानं बोललो, हे कळल्यावर बाईनं काय करायचं असतं? ती भांडी घासायला बसली. साबणाला फेस येत नव्हता. या साबणालाही महिनाभर तिनं शिव्या घातल्या होत्या, दुकान बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी श्रीपतनं इंजिनाचं डोकं उघडलं, आणि “आयला” म्हणून तो मागं सरला.

आत काळं असायला हवं होतं. आत पांढरं होतं. पाणी फिरायच्या वाटा पांढऱ्या भुशानं बुजलेल्या. काही ठिकाणी खडे, काही ठिकाणी टोकदार काटे, देवळातल्या मेणबत्त्यांचे ओघळ गोठावेत तशा धारा. एवढ्या काळ्या लोखंडाच्या पोटात तो पांढरा रंग बघवत नव्हता. श्रीपतनं स्क्रूड्रायव्हरनं एक खपली काढली. मग कडेच्या भिंतीवर ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. शेजारी ठोकलं, तिथंही तेच.

 माडावरून एक झावळी सुटून पडली.

“भिंतच नाय,” श्रीपत म्हणाला. “नुसता पापुद्रा र्‍हायलाय. हा चालत कशावर व्हता?”

आलोशियस वाकला. “म्हणजे बांधता येणार नाही.”

“बांधायला काय धरायचा? हे लोखंड नाय, हे पापड हाय.”

बेलानं पुढं होऊन एक पांढरा खडा नखानं उचकटला. हातावर घेतला. कुणी बघत नाही असं पाहून जिभेवर ठेवला.

मीठ.

 पाट्याखालची बरणी तिच्या डोळ्यांपुढं आली. धुळीनं भरलेलं झाकण. जे मीठ आपण घातलं नाही ते पातेल्यात आलं. जे इथं कुणी घातलं नाही ते इथं आलं. तिला वाटलं, तो आपल्या घरात जेवत होता आणि इथं येऊन बसत होता. हा विचार एवढा नीट, पायरीपायरीनं तिच्या मनात आला की तिला त्याचीच जास्त भीती वाटली. ती आत गेली, चहा टाकला, कारण हाताला दुसरं काम सुचेना.

कप तिनं श्रीपतपुढं ठेवला. तो नेहमीसारखा डोळे मिटणार, तेवढ्यात तिनं विचारलं, “चहा कसा असतो हो आमचा?”

“चांगला असतो.”

“खरं सांगा.”

“बाय, दुसऱ्याच्या घरचा चहा, त्याला काय—”

“डोळे मिटून का पिता?”

श्रीपत कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्यानं आलोशियसकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, आणि कप खाली ठेवला. “आता इचारलाच म्हनून सांगतो. राग धरू नका. मना वाटला, तुमच्या लोकांत चहात मीठ घालायची पद्धत असंल. किरिस्तावांचा कायतरी नेम असंल, उपासाचा. मी घरीपन सांगितला, की बाबा नंदाखालला मिठाचा चहा पितात. आमची ही हसली. पन कोनाच्या धर्मावर कसा बोलायचा?”

 सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आम्ही साखर घालतो,” बेला म्हणाली. “मीठ मी महिनाभर कशातच घातलेलं नाही.”

ती उठली, विहिरीवर गेली, घागर ओढली आणि तांब्या भरून आणला. श्रीपतपुढं धरला. त्यानं चूळ भरली, तोंडात फिरवली आणि भेंडीच्या बुंध्याशी थुंकली.

“हे आमच्या खाडीचा पानी हाय,” तो हळू म्हणाला. “आमी लहानपनी मिठागरावर जायचो. हीच चव. तुमाला लागत नाय?”

आलोशियसनं तांब्या ओढून घेतला. प्याला. पुन्हा प्याला. “मला तर गोडं लागतं.”

“मलापण,” बेला म्हणाली.

“मला नाही लागत,” सासूबाई ओटीवरून म्हणाल्या. “मी बोरिवलीचं नळाचं पिऊन आले होते. म्हणून तर सांगत होते. तुम्ही म्हणालात, म्हातारीची जीभ गेली.” मग हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली. “आणि मी म्हणाले, हिचा हात जड झालाय.”

करपलेली केळीची पानं, न उठणारा फेस, पंगतीतली टाकलेली ताटं; बेलाच्या मनात एकेक जागेवर जाऊन बसलं, केळीच्या पानावरच्या नटबोल्टांसारखं. पंप पहाटेपासून ओढत होता. वरचं गोडं संपलं तसं खालून, बाजूनं, आवाज न करता खाडीचं खारं येत गेलं. रोज थोडं. जिभेला कळू नये एवढं थोडं. ते पाणी युजीन मेजरला स्वतःच्या हातानं पाजत होता, नंतर आलोशियस, नंतर ती, न विचारता, दोन दोन कळशा.

तहान भागावी म्हणून.

दुपारी टँकर आला. पण सोंड न लावताच उभा राहिला. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, “अलूशेट, आज नको. बिल्डिंगवाले बोंब मारतायत. भांडी पांढरी पडतात, डाळ शिजत नाही. मालक बोलला दुसरीकडे बघ.” आणि तो मागच्या मागं वळवून निघून गेला. जाताना माडाखालच्या टाकीला धक्का बसला. आतून कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या.

आलोशियस बावखलाच्या काठी जाऊन बसला. बेला मागून गेली. पाणी नेहमीसारखंच दिसत होतं, हिरवं, थंड, त्यात खुरिसाची सावली. तेच सगळ्यात वाईट होतं. काही बिघडल्यासारखं दिसतच नव्हतं.

“पावसात होईल गोडं,” तो म्हणाला.

“वरचं होईल.”

“मी एकट्यानं केलं नाही वहिनी. पंप भाऊनं बसवला होता.”

“माहीत आहे. त्यानं बागेपुरता बसवला होता.” ती बोलली, पण मेलेल्याची बाजू घेऊन जिवंताला टोचणं तिला बरं वाटेना. “आणि बागेपुरतं म्हणत म्हणत तोही जास्तच ओढत होता. मला दिसत होतं.”

पंपाची घरघर चालूच होती. आलोशियस उठला, खोपीत गेला आणि त्यानं खटका पाडला. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की तो थांबल्यावर कान दुखले. त्या शांततेत बेलाला पाण्याखाली कुठंतरी, खूप लांब, काहीतरी हळूहळू पाझरत असल्यासारखं ऐकू आलं. ऐकू आलं, की नुसतं वाटलं, हे तिनं पुढं कधी ठरवलं नाही.

“डिझेल बसव,” ती म्हणाली.

त्यानं चमकून बघितलं. “आता कशाला? विकायला पाणीच नाही.”

“टाकीपण चढव. विकायला नाही. आणायला.”

“कुठून?”

“जिथं मिळेल तिथून. केळी मरतायत आलोशियस. आय खारट पेज पितेय. पावसाला अजून अवकाश आहे.”

पाणी मिळालं चांदीपला. श्रीपतची बहीण जिजा तिथं दिलेली. तिच्या घरच्यांच्या शेतात विहीर होती, नदीच्या अंगाला, खडकातली. श्रीपतनंच मध्यस्थी केली, आणि बहिणीला निरोपात एवढंही सांगितलं म्हणे, की माणसं चांगली आहेत, चहात मीठ घालत नाहीत.

साखळीला लटकून मेजरचं जुनं इंजिन बाहेर निघालं तेव्हा अंगणात बरीच माणसं होती. ते हवेत थोडं गोल फिरलं. प्लासिडनं टोपी काढली आणि मग आपण टोपी का काढली हे न कळून पुन्हा घातली. भंगारवाला दारात आला होता. बेलानं त्याला परत पाठवलं. इंजिन तिनं बावखलाच्या काठी, खुरिसाजवळ ठेवायला सांगितलं.  चौघांनी वाशांवर घालून ते नेलं, आणि नेताना सगळ्यांचे पाय आपोआप एका ठेक्यात पडत होते.

नवं इंजिन बसलं. टाकी घासून, कोंबड्यांची घाण खरवडून, पुन्हा मेजरच्या पाठीवर चढली. लढाईत होती तिथंच, त्याच चार भोकांवर. आलोशियस पहिल्यांदा चांदीपहून भरून आला तेव्हा वाडीच्या नाक्यावर कुणीतरी ओरडलं, “अरे, टँकर उलटा चाललाय.” त्यानं मान खाली घातली आणि गिअर बदलला. वाडीतून टँकर भरून बाहेर जाताना त्याच लोकांनी बघितले होते; भरून आत येणारा हा पहिलाच.

त्यानं ट्रक भेंडीखाली लावला. चावी फिरवली, खटका ओढला. इंजिन तिथल्या तिथं बंद झालं.

आलोशियस उतरला नाही. बेला दारात आली होती. सासूबाई ओटीवर होत्या. तिघंही सवयीनं थांबून राहिली, एक ‘नमो मरिया’ म्हणून व्हावी एवढा वेळ. काही झालं नाही. भेंडीची दोनचार पिवळी फुलं पत्र्यावर पडली, त्यांचासुद्धा आवाज आला.

संध्याकाळी बेलानं त्या पाण्याची पेज केली आणि सासूबाईंपुढं ठेवली. त्यांनी एक घोट घेतला. 

“अळणी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मीठ घाल ग बाई.”

बेलानं पाटा बाजूला केला, झाकणावरची धूळ पदरानं पुसली आणि चिमूटभर मीठ काढलं. पेजेत घातलं. सासूबाई प्यायल्या, आणि वाटी पुन्हा पुढं केली. दोघींपैकी कुणीच कुणाची माफी मागितली नाही. वाटी भरली.

मग अजून उजेड होता तेवढ्यात बेलानं टाकीच्या तोटीखाली कळशी धरली, कमरेवर घेतली आणि बावखलाकडे गेली.

इंजिन खुरिसाच्या पायाशी बसलं होतं, उघड्या डोक्यानं. कडेच्या भिंतीला श्रीपतच्या स्क्रूड्रायव्हरची भोकं, त्यातून पलीकडचं गवत दिसत होतं. पाणी फिरायच्या वाटेवर तिनं कळशी कलती केली. गोडं, चांदीपचं, खडकातलं पाणी. ते घशातून उतरल्यासारखा आवाज करीत आत गेलं. तिनं थेंब न ठेवता कळशी उपडी केली आणि भोकांतून धारा लागण्याची वाट बघत पदर सावरून बाजूला झाली, पाय भिजू नयेत म्हणून.

धारा लागल्या नाहीत.

ती वाकली. भोकांतून गवत दिसत होतं, कोरडं. खाली हात घालून तिनं माती चाचपली. माती कोरडी होती. दुपारच्या उन्हानं तापलेली, बोटांना चिकटतसुद्धा नव्हती.

 बेलानं लोखंडावर तळवा ठेवून बघितला. मग उठली, कळशी उचलली, आणि दुसरी भरून आणायला घराकडे वळली.